पाच वर्षांचे पाच आकडे: ‘स्पॅरो’ या मूल्यमापन पोर्टलचं परीक्षण

केंद्र सरकारच्या कार्यालयात वर्षभर उत्तम काम करणाऱ्या माणसाची बढती हुकते, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा कुणाचा शेरा नसतो, ताकीद नसते, चौकशीही नसते. असतो तो एखाद्या वर्षाचा दहापैकी ५.८२ असा आकडा. हा आकडा ज्या पोर्टलवर तयार होतो, ज्या पोर्टलवर तो दाखवला जातो आणि ज्याच्या मुदतीत त्यावर हरकत घ्यावी लागते, ते पोर्टल म्हणजे ‘स्पॅरो’. पूर्ण नाव स्मार्ट परफॉर्मन्स अप्रेझल रिपोर्ट रेकॉर्डिंग ऑनलाइन विंडो. बांधणी एनआयसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. सुरुवात आयएएस अधिकाऱ्यांपासून झाली आणि पुढे इतर सेवा व विभाग त्यावर आले. ज्या अहवालात हा आकडा असतो, त्याला कार्यालयात अजूनही सगळे ‘सीआर’ म्हणजे गोपनीय अहवाल म्हणतात, कागदोपत्री नाव ‘एपार’ म्हणजे वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल.

आमचं मत आधीच सांगतो: नोंद जपण्याच्या बाबतीत पाचपैकी साडेचार, कर्मचाऱ्याला वेळेवर सावध करण्याच्या बाबतीत पाचपैकी दोन. या दोन गुणांमधल्या फरकातच बढत्या अडकतात. म्हणून हे परीक्षण लांबलचक आहे.

आधी चांगलं ते. कागदी सीआरच्या काळात अहवाल टपालात गहाळ व्हायचे, साहेबांची बदली झाली की कपाटात राहायचे, मागच्या तारखेने लिहिले जायचे. स्पॅरोवर प्रत्येक टप्प्याला तारीख पडते आणि सही आधार-ओटीपीच्या ई-साइनने किंवा डिजिटल सहीच्या डोंगलने होते. त्यामुळे ३० जूनची मुदत उलटून गेल्यावर ‘मी तर २५ लाच लिहिलं होतं’ असं कुणाला म्हणता येत नाही. आपला अहवाल सध्या कुणाकडे पडून आहे हे लॉग-इन केल्यावर दिसतं. पूर्ण झालेल्या अहवालांच्या पीडीएफ उतरवून ठेवता येतात. पूर्वी यासाठी आस्थापना शाखेच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. हा बदल फार मोठा आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता वापराकडे. ३१ मार्चला वर्ष संपलं की तुमच्या नावाचा कोरा फॉर्म आस्थापनेकडून तयार होतो. तुम्ही तो उघडत नाही, तो तुमच्याकडे येतो. पहिला भाग म्हणजे नाव, पद, कालावधी, रिपोर्टिंग ऑफिसर (अहवाल लिहिणारा थेट वरिष्ठ) कोण आणि रिव्ह्यूइंग ऑफिसर (तो तपासणारा त्यावरचा वरिष्ठ) कोण, हे सगळं पार मॅनेजर किंवा कस्टोडियन, म्हणजे आस्थापनेत पोर्टलचं काम पाहणारा माणूस, भरतो. सगळ्यात महागडी चूक इथेच होते आणि ती तपासायला दोन मिनिटं पुरतात. वर्षात तुमची किंवा साहेबांची बदली झाली असेल तर एका वर्षाचे दोन अहवाल होतात. रिपोर्टिंग ऑफिसरने किमान तीन महिने तुमचं काम पाहिलेलं असावं लागतं. एप्रिल ते जुलै एका साहेबाखाली आणि ऑगस्टपासून दुसऱ्याखाली असाल, आणि फॉर्म फक्त ऑगस्ट ते मार्चचा आला असेल, तर चार महिने उघडे पडले. त्याच आठवड्यात पार मॅनेजरला लेखी कळवा. वर्षं लोटल्यावर, तो साहेब निवृत्त होऊन गावी गेल्यावर हे भोक बुजवणं फार अवघड जातं. निवृत्त अधिकाऱ्यालाही अहवाल लिहायला निवृत्तीनंतर महिनाभराचीच सवलत असते.

दुसरा भाग म्हणजे सेल्फ अप्रेझल, आपल्या वर्षभराच्या कामाबद्दल आपणच लिहायचं ते. मुदत १५ एप्रिल. इथे आधी तांत्रिक अडथळे सांगतो, कारण शेवटच्या दिवशी ते हमखास येतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असणं हे पहिलं कारण, कारण मग ओटीपी येणार कुठे? दुसरं, आधारवरचं नाव आणि स्पॅरोच्या कर्मचारी नोंदीतलं नाव जुळत नसणं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि एकीकडे आद्याक्षर, अशा गोष्टी मार्चमध्येच तपासून कर्मचारी नोंदी सांभाळणाऱ्या ईएमडी मॅनेजरकडून नीट करून घ्याव्यात. तिसरं, सरकारी ईमेल खातं वापराविना निष्क्रिय झालेलं असणं. मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये लिहा, शब्द मोजा आणि मग रकान्यात चिकटवा. वर्डमधून थेट चिकटवलेल्या बुलेट आणि वेलांट्यांसारख्या अवतरणचिन्हांचा रकान्यात चुथडा होतो. सही करून पुढे पाठवल्यावर अहवाल तुमच्या हातात राहत नाही, म्हणून पाठवण्याआधी ड्राफ्ट एकदा मोठ्याने वाचून घ्या.

काय लिहायचं? फॉर्म कामांचं थोडक्यात वर्णन मागतो, ठरलेली उद्दिष्टं आणि त्यापुढे साध्य मागतो, कुठे कमी पडलात ते कारणांसह मागतो आणि कुठे अपेक्षेपेक्षा जास्त झालं तेही मागतो. कष्टाळू माणसं इथे घात करून घेतात. ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली’ एवढं एक वाक्य लिहून मोकळी होतात. हे वाक्य आळशी माणूसही लिहितो. त्याऐवजी असं लिहावं: ‘वर्षारंभी १४० प्रकरणे प्रलंबित, वर्षात ३१० नवीन आली, ४२५ निकाली, वर्षअखेर २५ शिल्लक, त्यातील १९ न्यायप्रविष्ट.’ उद्दिष्ट, आकडा, तारीख, फाइल क्रमांक. जास्तीच्या कामाचा रकाना तर कधीच कोरा सोडू नये. निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेल्या सहकाऱ्याची शाखा तीन महिने सांभाळली असेल, तर तिचा आदेश क्रमांक तिथेच यायला हवा. याचं कारण आकडेमोडीत आहे.

रिपोर्टिंग ऑफिसर १ ते १० च्या मापात गुण देतो. नेहमीच्या फॉर्ममध्ये तीन गट आहेत. कामाच्या निष्पत्तीचा गट ४० टक्के वजनाचा आणि त्यात चार निकष: ठरलेलं काम पूर्ण करणं, कामाचा दर्जा, विश्लेषणाची क्षमता आणि असाधारण किंवा ऐनवेळी आलेलं काम. वैयक्तिक गुणांचा गट ३० टक्क्यांचा, त्यात नऊ निकष: जबाबदारीची जाणीव, शिस्त, संवादकौशल्य, वेळ पाळणं वगैरे. कार्यक्षमतेचा गटही ३० टक्क्यांचा, त्यात सहा: नियमांचं ज्ञान, नियोजन, निर्णय, समन्वय, हाताखालच्यांना घडवणं, पुढाकार. प्रत्येक गटाची सरासरी काढून वजनाने गुणतात आणि बेरीज म्हणजे तुमचा वर्षाचा आकडा. ८ ते १० ‘उत्कृष्ट’, ६ पासून ८ च्या आत ‘खूप चांगले’, ४ पासून ६ च्या आत ‘चांगले’.

आता एक खराखुरा वाटेल असा अहवाल घेऊ. निष्पत्तीत ७, ६, ६, ६. सरासरी ६.२५, वजनानंतर २.५०. वैयक्तिक गुणांत पाच ठिकाणी ६ आणि चार ठिकाणी ५, सरासरी ५.५६, वजनानंतर १.६७. कार्यक्षमतेत तीन ठिकाणी ६ आणि तीन ठिकाणी ५, सरासरी ५.५०, वजनानंतर १.६५. एकूण ५.८२. वाचणाऱ्याला हा अहवाल बरा वाटतो. कुठे लाल शाई नाही. साहेबही मनापासून म्हणतात, ‘अहो, चांगलं दिलंय तुम्हाला.’ आणि खरंच ‘चांगले’च दिलेलं असतं. पण जिथे बेंचमार्क, म्हणजे बढतीसाठी लागणारा किमान शेरा, ‘खूप चांगले’ आहे, तिथे या अहवालाने माणूस खाली राहिला.

हा अहवाल ६ च्या वर न्यायला काय लागलं असतं? निष्पत्तीच्या गटात चारच निकष आहेत, त्यामुळे तिथला एक गुण एकूण आकड्यात ०.१० ने दिसतो. कार्यक्षमतेतला एक गुण ०.०५ आणि वैयक्तिक गुणांतला एक गुण जेमतेम ०.०३. म्हणजे कामाचा दर्जा आणि ऐनवेळचं काम या दोनच ठिकाणी ६ चे ७ झाले असते तर आकडा ६.०२ झाला असता. तेवढंच वैयक्तिक गुणांतून मिळवायचं तर सहा ठिकाणी एकेक गुण वाढायला हवा. म्हणूनच सेल्फ अप्रेझलमधला जोर साध्य आणि जास्तीच्या कामावर हवा. तेच दोन रकाने पुराव्याने भरता येतात आणि तेच सगळ्यात जड आहेत.

यात आणखी एक खाच आहे. जिथे सरासरी गुण काढायचे असतात तिथे २००९ च्या सूचनांप्रमाणे ‘उत्कृष्ट’ला ९, ‘खूप चांगले’ला ७ आणि ‘चांगले’ला ५ धरतात. म्हणजे ६.०१ आणि ७.९० दोन्ही ७ धरले जातात, पण ५.९९ चा होतो ५. अधिकाऱ्यांनी गुण देताना हे ध्यानात ठेवायला हवं. पोर्टलनेही ते गुण देणाऱ्याच्या समोर, तिथल्या तिथे दाखवायला हवं. आमची सगळ्यात मोठी मागणी हीच आहे: बेरीज ६ च्या खाली जाताच ‘हा शेरा अमुक पदासाठीच्या बेंचमार्कखाली आहे’ अशी एक ओळ रिपोर्टिंग ऑफिसरला दिसावी. अनेक साहेबांना ५.८ म्हणजे काय याची कल्पनाच नसते. त्यांच्या मनात आकस नसतो, ते शाळेच्या गुणपत्रिकेसारखं मोजतात.

बेंचमार्क कुठे काय, हेही नेमकं माहीत हवं. निवडीने होणाऱ्या बढतीत सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १२ आणि वरच्या पदांना ‘खूप चांगले’ लागतं, त्याखाली ‘चांगले’ पुरतं. पण १०, २० आणि ३० वर्षांनी मिळणाऱ्या एमएसीपीसाठी, म्हणजे बढती न होताही मिळणाऱ्या वरच्या वेतनासाठी, २५ जुलै २०१६ पासून सर्वच पदांना ‘खूप चांगले’ लागतं. त्यामुळे ‘मी तर खालच्या लेव्हलला, मला काय फरक पडतो’ हा समज खोटा आहे. पगारात फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. फेब्रुवारी २००२ पासून एक गोष्ट अशीही आहे की, निवडीत बेंचमार्क गाठणारे सगळे ज्येष्ठतेच्या क्रमानेच यादीत येतात. ‘उत्कृष्ट’ मिळवून कुणी पुढच्याला ओलांडत नाही. म्हणजे उत्तम कामाने उडी मारता येत नाही, मात्र एका कमी आकड्याने मागे नक्की पडता येतं. या रचनेबद्दल कामसू लोकांच्या मनात जी खंत आहे, ती अगदी रास्त आहे.

फटका कधी बसतो? डीपीसी, म्हणजे बढती ठरवणारी विभागीय समिती, पाच वर्षांचे अहवाल पाहते, आणि मे २०१७ च्या सूचनांनुसार रिक्तपदाच्या वर्षाच्या दोन वर्षं आधी संपलेल्या अहवालापासून मागे मोजते. २०१९ च्या रिक्तपदांसाठी २०१२-१३ ते २०१६-१७ असे अहवाल धरले गेले. त्याच हिशेबाने २०२६ साठी २०१९-२० ते २०२३-२४. म्हणजे आज मिळालेला कमी आकडा पहिल्यांदा टोचतो दोन वर्षांनी आणि पुढची पाच वर्षं टोचत राहतो. तेव्हा जागं होऊन उपयोग नसतो, कारण हरकतीची मुदत कधीच संपलेली असते.

ती मुदत आहे १५ दिवस. इथेच पोर्टलला आम्ही दोन गुण दिले. रिपोर्टिंगची मुदत ३० जून, रिव्ह्यूइंगची ३१ जुलै, स्वीकृती अधिकारी, म्हणजे अहवालाला शेवटची मान्यता देणारा, असेल तर त्याची ३१ ऑगस्ट. त्यानंतर अहवाल कर्मचाऱ्याला दाखवला जातो: स्वीकृती अधिकारी नसेल तर १ सप्टेंबरला, असेल तर १५ सप्टेंबरला. प्रत्यक्षात काय होतं, तर सरकारी मेलबॉक्समध्ये एक मेल पडतो. त्याच्या वर वीजबचतीचं परिपत्रक, खाली हिंदी पंधरवड्याचं निमंत्रण. सप्टेंबरमध्ये नेमकी अशा मेलची झुंबड असते. विषयाच्या ओळीत आकडा नसतो, शेरा नसतो, ‘यावर हरकत घेण्याची शेवटची तारीख अमुक’ असंही ठळक लिहिलेलं नसतं. गणपतीची रजा, एखादा दौरा, घरातलं आजारपण यांत १५ दिवस सहज निघून जातात. आणि नियम असा की, १५ दिवसांत काही आलं नाही तर कर्मचाऱ्याला काही म्हणायचं नाही असं मानलं जातं. ५.८२ आकडा त्या क्षणी पक्का होतो.

म्हणून ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आठवड्यातून एकदा स्पॅरो उघडायचंच. मेलची वाट पाहायची नाही. अहवाल दिसला की पीडीएफ उतरवा, दिसल्याच्या तारखेचा स्क्रीनशॉट घ्या, गटवार सरासरी स्वतः काढून पाहा. बेरजेच्या चुका दुर्मीळ असतात, पण असतात. मग पेन पिक्चर, म्हणजे साहेबांनी तुमच्याबद्दल शब्दांत लिहिलेलं वर्णन, वाचा. शब्द आणि आकडे जुळतात का, हे बघण्याची जागा ती आहे. ‘अत्यंत विश्वासू, अवघड प्रकरणे स्वतःहून हाताळतात’ असं शब्दांत आणि पुढाकाराला ५ असं आकड्यांत असेल, तर तुमच्या हातात भक्कम मुद्दा आला. डीपीसीच्या १९८९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, समितीने केवळ एकूण शेऱ्यावर न जाता अहवालातल्या नोंदींवरून स्वतःचं मूल्यमापन करावं. रिव्ह्यूइंग ऑफिसरने गुण कमी केले असतील तर त्याने कारणं दिली आहेत का, ते पाहा. वरून खाली आणताना कारण नोंदवायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये यूपी जल निगमच्या खटल्यात म्हटलं आहे.

अभिवेदन, म्हणजे हरकतीचा लेखी अर्ज, लिहिताना लोक दोन प्रकारे चुकतात. एक, साहेबांच्या हेतूवर लिहितात. ‘माझ्यावर राग धरून’, ‘अमक्याला झुकतं माप’ असं लिहिलं की, निर्णय देणारा अधिकारी पुरावा मागतो आणि पुराव्याअभावी सगळं अभिवेदन एका ओळीत फेटाळतो. दोन, मोघम मागणी करतात: ‘मला उत्कृष्ट द्यावे.’ त्याऐवजी निकषाचं नाव घ्या, मिळालेला गुण लिहा, सेल्फ अप्रेझलमधली ओळ लिहा, आदेशाची प्रत जोडा आणि त्या निकषावर फेरविचार मागा. तीन किंवा चार निकष पुरे. एकोणीस निकषांवर भांडलात तर एकही ऐकला जात नाही. वर्षभरात लेखी ताकीद किंवा सूचना मिळाली नव्हती, हेही एका वाक्यात नोंदवा. पोर्टलवर पाठवा आणि छापील प्रत आस्थापनेत देऊन डायरी क्रमांक घ्या. सक्षम अधिकाऱ्याने ३० दिवसांत गुणवत्तेवर निर्णय द्यायचा असतो, आणि आकडा वाढवण्याचा अधिकार त्याला आहे. सगळी प्रक्रिया ३० नोव्हेंबरला संपायला हवी.

हा हक्क मिळाला कसा, हे प्रत्येकाने जाणून घ्यावं असं आम्हाला मनापासून वाटतं. सीमा सडक संघटनेतले एक अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ या एकाच वर्षी ‘चांगले’ मिळालं. बढतीला पाचही वर्षं ‘खूप चांगले’ हवं होतं. तो शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता, कारण तेव्हा फक्त प्रतिकूल शेरे कळवत. १२ मे २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, कारण बेंचमार्कखालचं ‘चांगले’ही बढतीच्या दृष्टीने प्रतिकूलच ठरतं. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. त्यानंतर १४ मे २००९ च्या सूचनांनी पूर्ण अहवाल दाखवणं सुरू झालं आणि २०१३ च्या सुखदेव सिंग निकालाने तेच तत्त्व पक्कं झालं. स्पॅरोवरचं ‘डिस्क्लोजर’ त्या लढाईतून आलेलं आहे. ते मेलच्या गर्दीत हरवू देणं बरोबर नाही.

रिपोर्टिंग ऑफिसर मुदतीत लिहितच नाही, असंही होतं. मुदत उलटल्यावर त्याचा लिहिण्याचा हक्क जातो. दोन्ही टप्पे रिकामे राहिले तर ‘अहवाल नाही’ असं प्रमाणपत्र लागतं आणि डीपीसी त्याआधीच्या वर्षाचा अहवाल धरते. म्हणजे तुमचं सर्वात चांगलं वर्ष गेलं आणि त्याच्या जागी एखादं जुनं साधारण वर्ष आलं. पोर्टलवर अहवाल कुणाकडे अडकला आहे ते दिसतंच. १० जूनच्या सुमारास नम्रपणे एक आठवण करून द्या, तीही मेलने.

बढती झालीच नाही, तर पहिलं काम माहितीच्या अधिकाराचा अर्ज. केंद्रीय कार्यालयांसाठी ऑनलाइन, फी १० रुपये, मजकूर ३,००० अक्षरांपर्यंत, उत्तर ३० दिवसांत, प्रती २ रुपये पान. डीपीसीच्या इतिवृत्तातला स्वतःसंबंधीचा भाग, पाहिलेल्या पाच वर्षांचे शेरे, लावलेला बेंचमार्क आणि प्रत्येक अहवाल दाखवल्याची तारीख एवढंच मागा. सहकाऱ्याचा सीआर मागू नका. गिरीश देशपांडे प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवाविषयक असा तपशील वैयक्तिक माहिती मानला आहे, त्यामुळे अर्जाचा तो भाग फेटाळला जाईल आणि वेळ जाईल. दाखवलाच नव्हता असा बेंचमार्कखालचा अहवाल त्या पाचांत निघाला, तर रिव्ह्यू डीपीसीची, म्हणजे समितीने पुन्हा विचार करण्याची, मागणी भक्कम होते.

त्यापुढे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून एक वर्ष ही मुदत. अभिवेदनावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून वर्ष. आधी अभिवेदन केलेलं असावं, ही अपेक्षा असतेच, आणि तिथे पहिला प्रश्न डायरी क्रमांकाचा येतो. राज्य शासनाच्या अधिकाऱ्यांचे अहवाल ‘महापार’ या वेगळ्या प्रणालीवर असतात आणि त्यांचं न्यायाधिकरण मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), त्यामुळे वरच्या तारखा त्यांनी जशाच्या तशा धरू नयेत. आपल्या सामान्य प्रशासन विभागाचे शासन निर्णय पाहावेत.